पहिली परडी: बुरूडकाम शिकू पाहणाऱ्यांसाठी

बांबूची टोपली विणायला शिकायचंय म्हणणारे बहुतेक जण विणकामाचा एखादा व्हिडिओ बघून आलेले असतात. एक पट्टी वरून, एक खालून, त्यात काय आहे? खरंच काही नाही. ते कुणालाही एका दुपारी जमतं. पण बुरडाच्या ओट्यावर जरा वेळ बसून बघा. विणण्यात त्याचा वेळ फार थोडा जातो. उरलेला सगळा वेळ तो बांबू चिरत, सोलत आणि तासत असतो. टोपली बनते ती तिथे, आणि बिघडते तीही तिथेच. त्यामुळे या लेखातही विणण्याआधीच्या कामालाच जास्त जागा दिली आहे. तो भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका.

आपण करणार आहोत एक साधी परडी: बूड चौकोनी, तोंड गोलसर, उंची वीतभरापेक्षा कमी. फुलं, लसूण, चाव्या, काहीही ठेवता येईल. सूप किंवा रोवळी पहिल्यांदाच करायला जाऊ नका. सुपाची पाठीमागची वळणदार बाजू उचलायला हात बसलेला लागतो, आणि रोवळीची वीण इतकी सारखी असावी लागते की तांदूळ धुताना पाणी जाईल पण दाणा जाणार नाही. ती पुढची गोष्ट.

हत्यारं

एक मध्यम वजनाचा कोयता, एक आखूड पात्याची धारदार सुरी, बारीक दातांची करवत, लाकडाचा ठोकळा. मांडीवर ठेवायला गोणपाटाची जाड घडी, पाण्याची बादली, कपडे वाळत घालायचे दहा-बारा चिमटे. एवढ्यावर काम भागतं. बांबू चिरायची यंत्रं मिळतात, पण एका परडीसाठी त्यांची गरज नाही.

हातमोजा घालायचा तर फक्त डाव्या हातात, तोही सुती. ताज्या कामटीची, म्हणजे चिरून काढलेल्या बांबूच्या पट्टीची, कड ब्लेडसारखी कापते आणि कापलेलं आधी कळतही नाही. रबरी मोज्यात कामटीचा अंदाज येत नाही. जुनी मंडळी अंगठ्याला आणि तर्जनीला चिंधी गुंडाळतात, ते सगळ्यात बरं.

बांबू कुठला आणि केव्हाचा

महाराष्ट्रात बांबूच्या जाती बऱ्याच. कोकणात माणगा, विदर्भात मानवेल आणि काटेरी कटांग, ठिकठिकाणी कळक. कुठला घ्यावा? तुमच्या भागातला बुरूड जो वापरतो तोच घ्या. पुस्तकात बघून दुसरीकडचा मागवू नका. एक गोष्ट मात्र सगळीकडे लागू आहे. विणायला लांब कांड्यांचा, सरळ आणि कमी पेरांचा, म्हणजे कमी गाठींचा बांबू हवा. दोन पेरांत फूटभर तरी अंतर असावं. भरीव बांबू काठ्यांना आणि फर्निचरला उत्तम, पण त्याच्या पातळ पट्ट्या काढताना नवशिक्याच्या नाकी नऊ येतात. मानवेल कोरड्या, खडकाळ उतारावरचा असला तर जवळजवळ भरीव निघतो. ओलाव्याच्या जमिनीत तीच जात पोकळ वाढते. नावावर जाऊ नका, कापलेलं तोंड बघा.

दुसरा प्रश्न वयाचा. बांबू हे गवत आहे. कोंब पावसाळ्यात जमिनीतून वर येतो आणि त्याच हंगामात पूर्ण उंची गाठतो. पुढची वर्षं तो उंच किंवा जाड होत नाही, फक्त आतून पक्का होत जातो. पहिल्या वर्षाचा बांबू हिरवागार, चकचकीत दिसतो, त्याच्या पेरांवर पांढरी पूड असते, खाली सुकलेली आवरणं चिकटलेली असतात. तो मोहात पाडतो, पण घेऊ नका. वाळला की आक्रसतो, वीण सैल होते आणि किडीला तो सगळ्यात आधी बळी पडतो. शिवाय पुढच्या कोंबांना अन्न पुरवतो तो हाच, त्याला तोडलं की बेट खंगतं. बांधकामाला चार वर्षांचा जुना बांबू लागतो, पण विणायला तो कडक पडतो, वाकवताना कडकन मोडतो. आपल्याला दोन ते तीन वर्षांचा हवा. आवरणं गळून गेलेली, पांढरी पूड बरीचशी पुसलेली, हिरवा रंग जरा मंदावलेला, पण डाग आणि शेवाळाचे ठिपके अजून फारसे नाहीत, असा.

तोड करायची पावसाळा संपल्यावर, साधारण कार्तिकापासून माघापर्यंत. पावसाळ्यात कोंब वाढत असतात, ते तुटतात. शिवाय त्या वेळी बांबूत ओल जास्त असते. बांबू किडतो तो त्यातल्या पिठूळ अंशामुळे. बारीक भुंगेरा तोच खायला येतो. जुने बुरूड बांबू वद्य पक्षात, अमावास्येच्या सुमारास तोडावा म्हणतात. पटत असेल तर तिथी पाळा, पण ऋतू चुकवू नका. तोडताना जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पेराच्या अगदी वर तोडा. पेराच्या खूप वर तोडलं तर खुंटाची वाटी होते, तिच्यात पाणी साचतं आणि कुज खाली गड्ड्यापर्यंत उतरते.

शहरात राहणाऱ्यांची अडचण वेगळी. बांबूच्या वखारीत मिळतात ते बहुधा परांचीचे किंवा मांडवाचे वाळके बांबू. ते कितीही भिजवले तरी ओल्या बांबूसारखे चिरत नाहीत. वखारवाल्याला ‘विणायला ओला हवाय’ असं आधी सांगून ठेवा, किंवा सरळ बुरूड आळीत जाऊन विचारा. पुण्यासारख्या जुन्या शहरांत त्या नावाचे भाग अजून आहेत. आणलेला बांबू सावलीत उभा ठेवा, ओलं गोणपाट गुंडाळा आणि चार-सहा दिवसांत चिरून टाका.

कायद्याचंही दोन ओळींत सांगतो, कारण हा प्रश्न हमखास येतो. 1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ धरला होता, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही परवान्याची कटकट होती. 2017 च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर वाढणारा बांबू त्या व्याख्येतून वगळला. जंगलातला बांबू मात्र अजूनही वनविभागाचा किंवा सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाचा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने हा हक्क मिळवला आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. तेव्हा सहलीला गेलात आणि जंगलात बेट दिसलं म्हणून कोयता काढू नका.

चिरणं

खरं काम इथून पुढे. समजा बांबू सहा सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्याचा घेर झाला साधारण एकोणीस सेंटिमीटर. त्याचे निम्मे, निम्म्याचे निम्मे असे करत सोळा भाग केले की एकेक कामटी बारा मिलिमीटर रुंद निघते. तासून ती एक सेंटिमीटरवर येईल. आपल्याला तेवढीच हवी.

करवतीने पन्नास सेंटिमीटरचे तुकडे करा, तोंड सरळ येऊ द्या. तुकडा उभा धरा, शेंड्याकडची बाजू वर. कोयत्याची धार तोंडाच्या बरोबर मध्यावर ठेवा आणि पाठीवर ठोकळ्याने एक ठोका द्या. पातं दोन बोटं आत गेलं की ठोकणं बंद करा. आता कोयता हलकेच पिळायचा. बांबू स्वतःच उभा फाटत जातो. नवशिक्याची चूक ही की तो बांबू कापायला बघतो. बांबूचे धागे खालपासून वरपर्यंत सरळ असतात, त्यांना फक्त वेगळं व्हायला वाट द्यायची. पेराशी आलात की जरा जोर लागेल, ‘टक’ आवाज येईल आणि चीर पुढे जाईल.

प्रत्येक वेळी मध्यावरच चिरायचं. एक बाजू जाड आणि एक बारीक असली की चीर बारीक बाजूकडे पळते आणि अर्ध्यातच ती कामटी संपते. हे होणारच, म्हणून यावरचा उपाय आधी शिकून घ्या. चीर एका अंगाला सरकायला लागली की थांबा. दोन्ही भाग दोन हातांत धरा आणि जो भाग जाड राहतोय तो जास्त वाकवा, बारीक भाग सरळ ठेवा. चीर हळूहळू जाड भागात परत येते. मध्यावर आली की दोन्ही हात सारखे ओढा. मनाला उलटं वाटतं, बारीक बाजू वाकवावीशी वाटते. तसं केलंत की ती लगेच तुटते. टाकाऊ तुकड्यांवर हे हाताला बसेपर्यंत करत राहा. हा एक धडा पक्का झाला की बुरूडकामातलं सगळ्यात अवघड काम तुमच्या हातात आलं.

सोळा कामट्या झाल्या की आतल्या बाजूला पेरांच्या पडद्याचे उरलेले तुकडे सुरीने सपाट करा.

सोलणं आणि तासणं

प्रत्येक कामटीला आता दोन थर दिसतील. बाहेरची हिरवी, चिवट साल, आणि आतला पांढरट, मऊ गाभा. ताकद सगळी सालीत. टोपली टिकते ती सालीच्या पट्टीमुळे. बाजारातल्या स्वस्त टोपल्यांत आडव्या वेटोळ्यांना गाभ्याच्या पट्ट्या घालतात. दिसायला पांढऱ्याशुभ्र, पण वर्षभरात त्यांचे तुकडे पडू लागतात.

कामटीच्या टोकाला साल आणि गाभा यांच्या मध्ये सुरी घाला, दोन बोटं आत न्या, सुरी काढा आणि दोन्ही थर हातांनी ओढत वेगळे करा. इथेही तोच नियम: जाड भाग जास्त वाकवायचा. बुरूड एक टोक दातांत धरून दोन्ही हात मोकळे ठेवतात. तुम्ही एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलंत तरी चालेल. पेराजवळ आल्यावर घाई केली की साल तिथेच तुटते. तिथे सुरीचं टोक घालून पेर आधी सोडवा, मग पुढे ओढा.

उभ्या कामट्या साधारण दीड मिलिमीटर जाड ठेवा. आडव्या पट्ट्या त्याहून बारीक, अर्धा ते एक मिलिमीटर जाड आणि चार-पाच मिलिमीटर रुंद. त्या लांब लागतात, म्हणून त्यांच्यासाठी पन्नास नव्हे, सत्तर-ऐंशी सेंटिमीटरचे तुकडे वेगळे चिरून ठेवा.

मग तासणं. गोणपाटाची घडी मांडीवर घ्या. सुरी उजव्या हातात, धार तुमच्यापासून दुसऱ्या दिशेला किंचित तिरकी, मांडीवर घट्ट दाबून स्थिर. कामटी सुरीच्या खालून घालायची, गाभ्याची बाजू धारेकडे ठेवायची आणि डाव्या हाताने आपल्याकडे ओढायची. सुरी हलत नाही, कामटी हलते. दोनदा-तीनदा ओढली की जाडी सारखी होते, कडांचे कुसळ निघतात. अंगठ्याच्या पोटावरून कामटी फिरवून बघा. जिथे बोट अडकतं तिथेच ती उद्या मोडणार आहे. शेवटची परीक्षा अशी: पट्टीची दोन्ही टोकं जवळ आणून कडं करा. ते एकसारखं गोल झालं तर पट्टी पास. एका जागी कोन पडला तर तिथे जाडी जास्त किंवा कमी आहे.

अठरा उभ्या कामट्या, पंचवीस-तीस आडव्या पट्ट्या आणि काठासाठी दीड सेंटिमीटर रुंद, दोन मिलिमीटर जाड अशा दोन लांब कांबी तयार ठेवा. पहिल्या खेपेला यात एक अख्खा दिवस जातो. जाऊ दे.

कीड लागू नये म्हणून

परडीत फुलं किंवा सुकं सामान ठेवणार असाल तर पाच लिटर कोमट पाण्यात दीडशे ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि शंभर ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून त्यात पट्ट्या दिवसभर बुडवून ठेवा. पाणी मुलं आणि गुरं यांच्यापासून दूर ठेवा. हे द्रावण पाण्यात धुऊन जातं, त्यामुळे रोवळीसारख्या रोज भिजणाऱ्या किंवा अन्नाला लागणाऱ्या वस्तूला त्याचा उपयोगही नाही आणि ते तिथे वापरूही नये. तशा वस्तूंना जुना उपाय बरा: तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे पिठूळ अंश निघून जातो, आणि तयार वस्तू काही दिवस चुलीच्या धुरावर टांगायची. गावाकडच्या स्वयंपाकघरातली काळपट टोपली वर्षानुवर्षं टिकते ती त्या धुरामुळेच.

टोपलीखाली पिवळसर बारीक पीठ पडलेलं दिसलं तर भुंगेरा आत शिरलाय असं समजा. उन्हात ठेवून तो जात नाही. लहान वस्तू असेल तर उकळतं पाणी ओता आणि कडकडीत वाळवा.

विणणं

उभ्या कामट्या पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेवा. नऊ कामट्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडा, साल खालच्या बाजूला, मध्ये अगदी थोडी फट. त्यांच्या मध्यावर दहावी कामटी आडवी घाला, एक वर, एक खाली. अकरावी उलट. अशा नऊ आडव्या झाल्या की साधारण अकरा सेंटिमीटरचं चौकोनी बूड तयार होतं आणि चारही बाजूंना एकोणीस-वीस सेंटिमीटरची टोकं उरतात. बूड बोटांनी दाबून घट्ट करा, चारही कोपऱ्यांना चिमटे लावा. कोपरा काटकोनात आहे ना ते बघा. बूड तिरकं गेलं तर परडी जन्मभर तिरकी बसते.

आता टोकं उभी करायची. बुडाच्या कडेवर फूटपट्टी दाबून धरा, कडेवर थोडं गरम पाणी ओता आणि एकेक बाजू हळूहळू वर वाकवा. साल बाहेरच्या बाजूला असल्यामुळे ताण ती सोसते. उलटं मांडलं असेल तर कामट्या इथेच फाटतील.

उभी टोकं झाली छत्तीस. संख्या सम आहे, त्यामुळे एकच लांब पट्टी गोल गोल फिरवली तर दुसऱ्या फेरीतही ती त्याच कामट्यांवरून जाईल आणि वीण पडणार नाही. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे एक उभं टोक बुडापर्यंत मधून चिरून त्याचे दोन करायचे, म्हणजे सदतीस होतात आणि पट्टी अखंड चालते. दुसरा, प्रत्येक फेरी स्वतंत्र कड्याची करायची: पट्टी संपूर्ण फिरवून शेवटी चार कामट्यांवर पहिल्या टोकावरून नेऊन आत खोचायची. पहिल्या परडीला दुसरा उपाय बरा, प्रत्येक फेरी वेगळी आवळता येते. फक्त प्रत्येक फेरी वेगळ्या बाजूने सुरू करा, नाहीतर जोड एकाच जागी येतात आणि तिथे गाठोडं होतं.

पहिल्या तीन फेऱ्या घट्ट आवळा, कोपरे तिथेच गोल होतात. त्यानंतर पट्टी ओढायची नाही, फक्त खाली दाबायची. ओढत राहिलात तर तोंड आत मिटत जातं आणि परडीचा गडू होतो. पट्ट्या सुकल्यासारख्या वाटल्या तर ओल्या फडक्याने पुसा. दहा सेंटिमीटर उंची झाली की थांबा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी वीण थोडी सैल झालेली दिसेल, ती बोटांनी खाली बसवून वर आणखी एक-दोन फेऱ्या घाला.

काठ

काठ नसेल तर सगळी मेहनत पंधरा दिवसांत उसवते. शेवटच्या फेरीच्या बाहेर असलेली टोकं ओली करून आत दुमडा आणि तीन फेऱ्यांखाली खोचा. आतली टोकं वीण संपते तिथे कापून टाका. दोन जाड कांबी, एक आतून आणि एक बाहेरून, काठाला लावा आणि चिमट्यांनी धरून ठेवा. दोन्हींचे जोड समोरासमोर आणू नका. मग सालीची सगळ्यात बारीक, चिवट पट्टी घेऊन काठाभोवती पिळाने गुंडाळत जा, दर दोन कामट्यांच्या फटीतून एक वेढा. वेत मिळाला तर त्याहून चांगलं. हल्ली पेटाऱ्यांना बांधायची प्लॅस्टिकची पट्टी काठाला वापरतात. ती स्वस्त पडते आणि काम लवकर होतं हे कबूल, पण मग निसर्गाची वस्तू म्हणून टोपली विकत घेण्यात अर्थ काय राहिला?

काठ झाला की परडी गॅसच्या किंवा वाळक्या गवताच्या ज्योतीवरून झरझर फिरवा. कुसळं जळून जातात, बांबूला काही होत नाही. हात थांबला तर मात्र डाग पडतो. सावलीत वाळवा, उन्हात ठेवलीत तर हिरवा रंग उडतो आणि तडे जातात.

रंगाची हौस असेल तर हिरव्या सालीचा वरचा पातळ थर खरवडून काढा, कारण त्याच्यावर रंग धरत नाही. काताने तपकिरी येतो, हिरडा आणि लोखंडाच्या गंजाच्या पाण्याने काळा. हळदीचा पिवळा सुंदर दिसतो, पण उन्हात फार दिवस टिकत नाही.

इथून पुढे

शिकायला जागा आहेत. मेळघाटात लवादा इथे संपूर्ण बांबू केंद्र आहे, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र, सिंधुदुर्गात कुडाळला कॉनबॅक ही बांबूचं काम करणारी संस्था. जाण्याआधी कुठले वर्ग चालू आहेत ते विचारून घ्या, सगळीकडे नवशिक्यांसाठी वर्षभर काही नसतं.

पण त्याआधी जवळच्या बुरडाकडे जा. लग्नसराईत, गौरी-गणपतीच्या दिवसांत जाऊ नका. झाल (लग्नातली दुरडी), सुपं, परड्या यांच्या मागणीत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. कोकणात गौरीच्या ओवशाला नवी सुपं लागतात, लग्नात ऐरणीदानाला वेळूचीच दुरडी लागते, तेव्हाच तर त्यांचे चार पैसे होतात. मोकळ्या दिवसांत जा, काका-मावशी म्हणून बोला, एखादी वस्तू भावात घासाघीस न करता घ्या, आणि बसून बघायची परवानगी मागा. शिकवायचे पैसे विचारून द्या. दिवसभर एक माणूस तुमच्यासाठी हातातलं काम थांबवतो, त्याची मजुरी बुडते. बऱ्याच घरांत चिरायचं काम पुरुष करतात आणि विणायचं बायका, तेव्हा दोघांकडेही बसा. तुमची परडी सोबत न्या. मावशी ती उलटी करून आधी बूड बघतील, मग काठाला अंगठा लावतील, आणि कुठली कामटी जाड राहिली ते बोट ठेवून दाखवतील.